केळ पिवळी पडते तेव्हा

दिवाळीत दाराच्या दोन्ही अंगांना केळीचे खुंट उभे राहिले की घर कसे भरल्यासारखे दिसते. पण ज्याला आपण केळीचे झाड म्हणतो ते मुळी झाडच नव्हे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्याच्या अंगात लाकूड म्हणून नाही. खोड समजून आपण ज्याला दोरी बांधतो ते पानांच्या सोपटांचे एकावर एक बसलेले वेष्टन. खरे खोड जमिनीखाली कंदाच्या रूपाने दडलेले असते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी केळ ही कोथिंबीर-पुदिन्याच्या पंगतीला बसणारी ओषधी होय, फक्त दोन पुरुष उंच वाढलेली. आपल्या पूर्वजांनी तर ओषधी या शब्दाची व्याख्याच अशी केली होती, की फळ पिकले की जिचा अंत होतो ती ओषधी. केळीला ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. ती एकदा निसवते, घड उतरला की वाळू लागते, आणि तिच्याच कंदातून उठलेले पील तिची जागा घेते. परसातल्या केळीचा घड काढल्यावर ती सुकू लागली म्हणजे घरातली माणसे हळहळतात, पाण्याच्या घागरी ओततात. ते दुखणे नव्हे. तिचे काम संपलेले असते, इतकेच.

खरे दुखणे निराळे असते, आणि ते पानावर पिवळेपणा होऊन येते.

खानदेशात या पिवळेपणाची धास्ती किती आहे हे बाहेरच्या माणसाला सहज कळणार नाही. तापीच्या काठाने रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर आणि पलीकडे धुळे जिल्ह्यातले शिरपूर, असा हा केळीचा मुलूख. फैजपूरचे नाव देशाला १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे ठाऊक झाले; बाजाराला मात्र ते केळीमुळेच अधिक ठाऊक आहे. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून वाघिणी भरभरून केळी दिल्लीकडे गेली. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. इकडच्या घरात मुलीचे लग्न, मुलाची फी, सावकाराचा किंवा सोसायटीचा हप्ता, सारे घडांच्या भरवशावर ठरते. बागेत चार पाने पिवळी दिसली की त्या घरातली झोप उडते. आणि पहिला प्रश्न असतो तो हाच, की हे पिवळेपण बरे होणारे आहे की न होणारे?

हा प्रश्न फार जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाला एक स्वतंत्र अध्याय दिला. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडांना रोग होतो. पाने फिकट पडतात, कोंब वाढत नाहीत, फांद्या सुकतात, रस गळतो, अशी लक्षणे तो सांगतो. उपचार म्हणून रोगट भाग शस्त्राने काढावा, वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, दूधपाणी घालावे असे तो म्हणतो. लावणीच्या यादीत त्याने केळीचाही उल्लेख केला आहे. पुढे सुरपाल नावाच्या पंडिताने वृक्षायुर्वेद नावाचा ग्रंथच रचला. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पडून होती. डॉ. य. ल. नेने यांच्या खटपटीने ती इकडे आली आणि नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरपालाने झाडांचे रोग आतले आणि बाहेरचे असे वेगळे केले. आतले ते वात, पित्त आणि कफ यांचे. बाहेरचे ते कीड, थंडी, वीज, वारा यांचे. पाने पिवळी पडणे हे त्याने पित्ताच्या खाती घातले.

आज हे वाचून हसू आले तर ते आवरावे. त्रिदोषांचा हिशेब आता कुणी झाडाला लावणार नाही. पण आतले दुखणे आणि बाहेरचे दुखणे ही विभागणी मात्र पक्की आहे. सगळी पिवळी पाने एका जातीची नसतात आणि सगळ्यांना एकच औषध चालत नाही, हे या मंडळींनी ओळखले होते. त्यांच्यापाशी नव्हते ते डोळ्यांना न दिसणारे पाहण्याचे साधन.

ते साधन यायला एकोणिसावे शतक संपावे लागले. १८८६ साली हॉलंडमध्ये आडोल्फ मायर हा तंबाखूच्या पानांवरचा एक रोग तपासत होता. पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगांची फरशी बसवल्यासारखी नक्षी उठे, म्हणून त्याने रोगाला मोझेइक असे नाव दिले. रोगट पानांचा रस निरोगी पानाला टोचला की तेही आजारी पडे. १८९२ साली रशियात इव्हानोव्स्कीने तोच रस, जंतू अडकून पडतील अशा चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. तरी रोग लागलाच. १८९८ मध्ये बायरिंकने सांगितले की हा जंतू नव्हे, ही काही निराळीच, जिवंत झाडात वाढणारी चीज आहे. विषाणूचा शोध असा एका पिवळ्या पानातून लागला. माणसाला देवी आणि गोवर शतकानुशतके छळत होते. परंतु विषाणूची पहिली ओळख तंबाखूच्या पानाने करून दिली, ही गंमत मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे.

केळीकडे येईपर्यंत ही कथा काकडीच्या मळ्यातून गेली. १९१६ साली अमेरिकेत डूलिटल याने काकडीवरच्या मोझेइकचे वर्णन केले आणि मावा त्याचा वाहक आहे हे दाखवले. १९३० मध्ये ऑस्ट्रेलियात मॅगी या शास्त्रज्ञाने केळीवरच्या एका नव्या रोगाची नोंद केली. पानांवर पिवळे पट्टे आणि पुढे मधला पोंगा सडणे, अशी त्याची लक्षणे होती. तोवर काकडीचा रोग काकडीचा आणि केळीचा केळीचा, असाच समज होता. १९४० साली त्याच मॅगीने दोन्हींचे नाते काकडीच्या विषाणूशी जोडून दाखवले. आपल्याकडे मुंबई राज्यातील या रोगाची नोंद कामत आणि पटेल या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी १९५१ मध्ये केली.

खानदेशातल्या शेतकऱ्याला मॅगी ठाऊक नव्हता. पण रोग ठाऊक झाला होता, आणि त्याने त्याला आपले नाव दिले होते. ते नाव 'हरण्या'. पानावरच्या पिवळ्या पट्ट्या-ठिपक्यांमुळे हरणाचे अंग आठवले असावे, असा माझा आपला तर्क. हॉलंडच्या पंडिताला फरशी दिसली, तापीकाठच्या माणसाला हरीण दिसले. दोघांचीही नजर चांगलीच होती म्हणायची.

आता हरण्या ओळखायचा कसा? कारण केळ पिवळी पाडणारे कारण एक नाही, निदान सहा-सात आहेत, आणि त्यांतली बहुतेक साधी आहेत. परसातल्या एका केळीपुरते पाहिले तरी हे कळते, म्हणून मी तीच पुढे घेतो.

पहिली गोष्ट ही, की पिवळे पान जुने आहे की कोवळे, हे पाहावे. खालची, म्हातारी पाने सर्वांगाने फिकी होत असतील तर नत्राची उपासमार समजावी. त्या पानांच्या कडा आणि टोक पिवळे होऊन वाळत असतील, पान देठाशी मोडून लोंबत असेल, तर पालाश कमी. केळ पालाशाची फार भुकेली. चुलीच्या राखेचे केळीला का एवढे प्रेम, याचे उत्तर आजीबाईंना रसायनशास्त्राशिवायच ठाऊक होते. उलट कोवळे पान पिवळे आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील, तर लोह कमी पडते आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीत लोह असते, पण ते मुळांच्या हाती लागत नाही. परसात याला एक आधुनिक कारण जोडले गेले आहे. पूर्वी न्हाणीचे पाणी केळीला आणि अळूला सोडत, आणि ती त्यावर माजत. त्या पाण्यात शिकेकाई असे, रिठा असे, फार तर थोडा साबण. आज त्याच मोरीतून कपड्यांच्या पावडरीचा सोडा येतो. त्याने माती आवळते, खारटते, आणि केळ पिवळी पडते. मग आम्ही खत घालतो! अशा केळीला औषध एकच, ते पाणी दुसरीकडे वळवायचे, आळे उकरून मोकळे करायचे आणि चांगले कुजलेले शेणखत द्यायचे. नवे पान हिरवे उमलले की समजावे, उतारा पडला. जुने पिवळे पान पुन्हा हिरवे होत नसते. त्याच्याकडे पाहत बसू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. केळीला पाणी हवे, पण डबके नको. मुळे गुदमरली की पाने तहानलेल्या केळीसारखीच मान टाकतात. घरधनी समजतो पाणी कमी पडले, आणि आणखी ओततो. बोटभर माती उकरून पाहिल्याखेरीज पाणी घालू नये. पौष-माघात थंडी कडक पडली म्हणजे केळीची वाढ अडते, पाने पिवळट होतात, घड नीट बाहेर पडत नाही. जळगावकडे याला चरका म्हणतात. थंडी सरली की पुढची पाने सुधारतात. वैशाखातला वारा पाने फाडतो. त्यासाठी बागाईतदार बांधावर शेवरी लावतात. आणि परसात बहुधा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे आपली हौस. एका कंदाभोवती सात-आठ पिले वाढू दिलेली असतात. एका ताटात आठ जण जेवायला बसले तर कोण धष्टपुष्ट होणार? एक जोमदार, तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचे पील ठेवावे आणि बाकीची कापून काढावीत.

तिसरी गोष्ट कंदाची. वर सारे करूनही केळ सुधारत नसेल तर जमिनीखाली पाहणे आले. बुंधा हलवला असता सहज डुलत असेल आणि कंदात बोगदे असतील, तर सोंडकिडा. बुंध्याचा आडवा काप घेतला आणि आत तांबूस-तपकिरी ठिपके वर्तुळाने दिसले, तर ती मर. पानावर करड्या मध्याचे लांबट डाग वाढत गेले, तर करपा. त्याचे इंग्रजी नाव फिजी बेटातल्या सिगाटोका खोऱ्यावरून पडले आहे. करपलेली पाने कापून नेली आणि हवा खेळती ठेवली की परसातला करपा बराचसा आटोक्यात येतो.

आणि मग हरण्या. यात पिवळेपणाला शिस्त नसते. कोवळ्या पानावर शिरांना समांतर तुटक पट्टे, ठिपके, कधी अर्धे पान नक्षीदार आणि अर्धे स्वच्छ. पान आखूड होते, वेडेवाकडे उमलते, आणि पुढे पोंगा आतून सडतो. इथे राख नको, शेणखत नको, पाणी वळवणे नको. इथे उतारा नाही. विषाणू केळीच्या अंगभर पसरलेला असतो आणि कंदातून निघणारे प्रत्येक पील तो वारशाने घेऊन येते. जी ओषधी पिलांच्या रूपाने अमर, तिचे अमरत्वच इथे तिच्यावर उलटते.

म्हणून तज्ज्ञ सांगतात, उपटा. कंदासकट उपटा, बागेबाहेर न्या, नष्ट करा. ऐकायला हे सोपे आहे. पोराबाळांसारखी वाढवलेली चार महिन्यांची केळ, वरून अजून बरीचशी हिरवी, ती आपल्या हाताने उपटायची! शेतकरी म्हणतो, आणखी आठ दिवस पाहू, खताचा एक हप्ता देऊन पाहू. आणि ते आठ दिवसच घातक ठरतात. मावा रोगट पानावर बसतो, सोंड टोचून चव पाहतो, उडतो आणि शेजारच्या केळीची चव पाहतो. या दोन चवींना मिळून मिनिटेसुद्धा पुरतात. फवारा मारला तरी मावा मरण्यापूर्वी आपले काम उरकून गेलेला असतो. त्यात काकडी, भोपळा, दोडका, टोमॅटो, मिरची ही आंतरपिके असली, बांधावर केना माजलेला असला, की विषाणूला बारमाही बिऱ्हाड मिळते. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलकडे ढगाळ, दमट हवा लांबली आणि हरण्याने असा जोर धरला की लोकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. एकाने उपटल्या आणि शेजाऱ्याने ठेवल्या तर मात्र उपटणाऱ्याचे नुकसान दुहेरी. केळ गेली ती गेलीच, आणि रोग बांधावर उभाच.

इथे मला धुळ्याकडची फड पद्धत आठवते. पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे घालून पाटाने भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडत. एका फडात सर्वांनी त्या साली एकच पीक घ्यायचे आणि पुढच्या साली फेरपालट करायची. पाणी देण्याचे काम शेताचा मालक करीत नसे. गावाने नेमलेले पाटकरी आणि हवालदार ते करीत, आणि राखणीला जागल्या असे. ही व्यवस्था पाण्यासाठी होती, रोगासाठी नव्हे, आणि तिच्यात भांडणे नव्हती असे समजणेही भाबडेपणाचे होईल. पण आपल्या शेतात काय करायचे हे एकट्याने ठरवायचे नसते, ही सवय तिने माणसांना लावली होती. हरण्याला आज हवी आहे ती हीच सवय. शास्त्र उपटायला सांगते. सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात उपटावे हे मात्र शास्त्राच्या हातात नाही.

मग रोगट वाणाला जीवदान मिळतच नाही काय? मिळते, पण परसात नव्हे. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन या दोघांनी विषाणूने पछाडलेल्या डेलियाच्या कोंबाचे अगदी टोक, सुईच्या अग्राएवढे, कापून काचेच्या नळीत पोसले. विषाणू सबंध झाडात असतो, पण वाढत्या टोकाच्या त्या कणाशी बहुधा पोचलेला नसतो. त्यातून निरोगी डेलिया उभी राहिली. एखाद्या जळत्या घरातून तान्हे मूल तेवढे बाहेर काढावे, तसे हे. बटाटा, ऊस आणि मग केळ यांच्यासाठी हाच मार्ग पुढे रुळला. तैवानात १९७० नंतर केळीची रोपे अशी नळीत तयार होऊ लागली. १९९० नंतरच्या दशकात जळगावात ऊतिसंवर्धनाची रोपे आली आणि त्यांच्याबरोबर ग्रँड नैन हा वाण आला. जुन्या बसराईची जागा त्याने पाहता पाहता घेतली.

बसराई काय आणि ग्रँड नैन काय, दोन्ही एकाच कॅव्हेंडिश घराण्यातल्या. हे नाव इंग्लंडातल्या एका उमरावाचे. चॅट्सवर्थ येथे त्याच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने मॉरिशसकडून आलेली एक बुटकी केळ वाढवली आणि १८३५ च्या नोव्हेंबरात ती निसवली. तिची पिले जॉन विल्यम्स नावाच्या पाद्र्याने दक्षिण समुद्रातल्या सामोआ बेटांवर नेली. मध्य अमेरिकेत मर रोगाने ग्रो मिशेल ही त्या काळची बाजारची राणी १९६० च्या सुमारास संपवली, तेव्हा तिची गादी कॅव्हेंडिशलाच मिळाली. आता मरीची एक नवी जात कॅव्हेंडिशवरही उठली आहे. २०१५ नंतर ती बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळली. जगभरच्या मळ्यांत एकाच कंदाचा विस्तार उभा असल्यावर एकीचे दुखणे ते सर्वांचे दुखणे होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

नळीतली रोपेही आंधळ्या विश्वासाने घेऊ नयेत. ज्या मातेपासून कोंब घेतला ती नीट तपासली नसेल, तर प्रयोगशाळा रोगाचीच हजार पिले करून देते. म्हणून २००६ पासून केंद्र सरकारने अशा रोपांना विषाणूची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था केली. रोपवाटिकेत ते प्रमाणपत्र मागावे, लाजू नये. आणि प्रमाणपत्र असले तरी शेतात आल्यावर रोपाला मावा चावणार नाही याची हमी कोणताही कागद देत नाही.

हा अंक हाती पडेल त्या सुमारास खानदेशात कांदेबागेची लागवड चालू असेल. मृगबाग पावसाबरोबर लागते, कांदेबाग आश्विन-कार्तिकात. उपटलेल्या बागांच्या जागी कुणी यंदा केळ लावणार नाही, हरभरा किंवा गहू पेरील. कुणी त्याच वावरात पुन्हा सरी पाडील. जो लावील त्याने पहिले दोन महिने रोज सकाळी ऊन चढण्याआधी बागेतून एक फेरी मारावी, आणि दर रोपाचे शेवटचे उमललेले पान उन्हाकडे धरून पाहावे. परसात एकच केळ असेल तर एवढ्याला एक मिनिट लागते.